आकांक्षा काय बोलली

४ ऑगस्ट, सोमवार

वजनाचा दिवस. एकोणतीस पोरं, एक काटा, आणि त्या काट्याचा सेल नेमका आजच संपायचा! मालनबाईंना दुकानात पिटाळलं तेव्हा कुठे साडेअकराला सुरुवात. मालनबाई माझ्या मदतनीस. पंधरा वर्षं अंगणवाडीत एका चुलीवर काम करतोय, तरी खिचडीत मीठ कोण टाकणार यावरून अजून वाद होतो.

सोमेश्वरची आकांक्षा एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून आली. साडेचार वर्षांची पोर. 'काढ गं, काटा स्वेटरचंही वजन धरतो,' म्हटलं तर मागे सरली. मीच काढला. पाठीवर वळ. एक-दोन नाहीत. काही ताजे, काही काळे पडलेले. दंडावर चार बोटं उठलेली. मी मालनबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. म्हणाल्या, 'पडली आसंल.' पडल्यावर बोटं उठतात होय?

वजन बारा किलो शंभर ग्रॅम. मागच्या महिन्यात बारा सहाशे होतं. मोबाइलवर भरून टाकलं. त्या ॲपात आईच्या आधारपासून पोराच्या चेहऱ्यापर्यंत सगळं मागतात, वळांसाठी जागा नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

लाल खडू कुणी मोडला यावरून आज महाभारत. सगळ्या पोरांची बोटं आकांक्षाकडे. ती रडली नाही, चिडली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, 'बाईला इचारा.' तिचं नेहमीचंच! घसरगुंडीवर नंबर कुणाचा, अंडं कुणाला मिळालं नाही, चप्पल कुणाची – 'बाईला इचारा.' जसं काय मी हायकोर्ट! मी म्हटलं, खडू माझ्या पायाखाली मोडला. खरंच मोडला होता. मग पोरांकडे अशा ऐटीत पाहिलं तिनं!

सुटायची वेळ झाली की बाकीची दारात ढकलाढकली करतात. ही चप्पल शोधत बसते. चप्पल पायातच असते. रोज विचारते, 'बाई, उद्या सुट्टी हाय का?' नाही म्हटलं की मग निघते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज तिला बाजूला घेतलं. कुणी मारलं गं? गप्प. पडलीस का? गप्प. आईनं मारलं? खाली मान. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. हातावर गुळाचा खडा ठेवला. गूळ खाल्ला, हात फ्रॉकला पुसले, पण शब्द नाही.

न बोलणं म्हणजेच सांगणं. हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे – सावत्र आईनं उलथनं तापवून लावलेलं. सात वर्षांची होते. मीही अशीच अंगठ्यानं जमीन उकरायचे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गृहभेटी. आधी खालच्या आळीत. तिथली सासू गरोदर सुनेला तपासणीला सोडत नव्हती. मी म्हटलं, 'डॉक्टरच म्हणत होते, या बाईला आणा म्हणून.' डॉक्टरांना त्या सुनेचं नावसुद्धा माहीत नाही! पण सासू लगेच तयार. पंचवीस वर्षांत एवढं कळलं – आपलं म्हणणं आपलं म्हणून सांगितलं की लोक फाटे फोडतात. दुसऱ्याच्या तोंडी घातलं की काम होतं.

मग सोमेश्वरकडे. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, गेल्या वर्षी त्यानं सिल्लोडकडची शीतल करून आणली. एकवीस वर्षांची असेल. सरकीच्या बियाण्याच्या प्लॉटवर फुलं क्रॉसिंगला, म्हणजे हातानं परागीकरण करायला जाते, आत्ताच आली होती, बोटं पिवळी. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. मी विचारलं, पोरीच्या पाठीला काय झालं? म्हणाली, 'हट्टी हाय ती.' एवढंच. आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. उजव्या हातात बांगड्या होत्या, डावा हात रिकामा. सणासुदीचा महिना आणि ही असली अवकळा!

आकांक्षा कोपऱ्यात भांड्यांमागे बसली होती. मला पाहून हसली नाही. अंगणवाडीत हसते.

मला त्या बाईचा इतका राग आला की परत येताना चपलेचा अंगठा तुटला तेही घरी आल्यावर कळलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आकांक्षाच्या कानामागे नवा डाग. मालनबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं – १०९८, लहान मुलांसाठी मदतीचा नंबर. तो कागद मीच चिकटवलाय. बायकांच्या बैठकीत मीच तो नंबर पाठ करून घेतलाय सगळ्यांकडून!

'लावा ना बाई फोन.'

'तुम्ही लावा.'

'मला काय बोलता येतंय त्याच्यावर.'

फोन लावला की गाडी येणार. गावात गाडी आली की कुणी बोलावली हे दहा मिनिटांत कळणार. पोरीला उचलून जालन्याला कुठल्यातरी बालगृहात ठेवतील. आणि सोमेश्वरसारख्या माणसाच्या तोंडाला काळं! गावात त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलणारा शोधून सापडणार नाही. एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर आठ-आठ तास उभा राहतो, आला की आंघोळ करून मंदिरात पखवाज. वाटेत दिसला की मोटरसायकल थांबवून 'बाई, बऱ्या हाव ना?' विचारतो.

माझ्या वेळी गुरुजींनी फोन नव्हता लावला. बापाला शाळेत बोलावून दोन वाक्यं सांगितली. त्या दिवसापासून मला घरात कुणी बोट लावलं नाही. घरातलं घरात मिटलं. तेच करावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं एकदाचं. पहिल्या पाळीवरून येताना सोमेश्वर फाट्यावर भेटला. उभ्या उभ्याच बोलले. त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं, मान खाली घालून ऐकलं. शेवटी हात जोडले. 'बरं केलं बाई सांगितलं. मी बघतो घरात.' आवाज जड झाला होता त्याचा. बाप आहे शेवटी.

मन हलकं झालं. गणपतीची खरेदी केली. पंधरा दिवसांनी आज पोटभर जेवले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आकांक्षा आली नाही. हरतालिकेचा उपास, डोकं धरलंय. उद्या सुट्टी. परवा बघून येईन.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आकांक्षा गेली.

पहाटे घरच्यांनी मोटरसायकलवर मध्ये धरून नेली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, ही वाटेतच गेली. मग अंगावरचे कपडे काढले आणि पोलिसांना फोन केला. मालनबाई सांगत आल्या तेव्हा मी गणपतीसाठी पाट मांडत होते. पाट तसाच राहिला. मूर्ती टोपलीतच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी मूठभर देह आला तालुक्याहून, कापून शिवलेला. लहान लेकरू म्हणून जाळलं नाही, ओढ्याकाठी पुरलं. सोमेश्वरला चौघांनी धरलं होतं. खड्ड्यात उडी घेत होता. बायका म्हणत होत्या, बापाचं काळीज बघा!

फौजदार मॅडम आल्या – प्रियदर्शनी मॅडम, तिशीच्या असतील. जबाब घ्यायला जागा कुठली, तर अंगणवाडी. त्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. दारात, खिडकीत सगळं गाव. माजी सरपंच कारभारी आप्पा पुढे. ते सोमेश्वरचे चुलते, भिंतीला भिंत लागून घर. सोमेश्वर जमिनीवर बसून रडत होता. म्हणाला, 'मॅडम, मला काय म्हाईत घरात काय चालून राह्यलं? मी दिवसभर मिलमधी. बाईंनीच सांगितल्तं सोमवारी. पोरीनं बाईजवळ आईचं नाव घेतल्तं. मी बायकोला समजावणार व्हतो, तेवढ्यात तिनं पोरगीच संपवली!'

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 'खरं आहे? मुलीनं तुम्हाला सांगितलं होतं, आई मारते म्हणून?'

सगळे माझ्याकडे पाहत होते. शीतल भिंतीला टेकून उभी होती, दोन महिला पोलीस तिच्या बाजूला. तिनंही पाहिलं. रागानं नाही. वाट पाहत असल्यासारखं.

मी म्हणाले, 'हो.'

लिहून घेतलं. मी सही केली. शीतलला गाडीत घातलं तेव्हा कुणीतरी चिखल फेकला. गाडीच्या काचेवर बसला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी फाट्यावर मी नेमकं काय बोलले ते इथे लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

मी म्हणाले, 'सोमेश्वर, आकांक्षानंच मला सांगितलं. घरात काय काय होतं, सगळं सांगितलं तिनं. तुमच्या बायकोला आवरा.'

आकांक्षा काहीही बोलली नव्हती. एक अक्षर नाही. ते माझं वाक्य. तिच्या तोंडी घातलं. कारण 'मला असं वाटतं' म्हणून एखाद्याच्या बायकोवर बोट ठेवलं तर म्हणतील, बाई घर फोडायला निघाली. लेकराचं नाव घेतलं की बाप ऐकतो. डॉक्टरांचं नाव घेऊन सासूला पटवते तसंच. वाईट काय त्यात? मारत तर तीच होती ना! मी फक्त खऱ्याला जरा टेकू दिला.

पेन खाली ठेवते आणि परत उचलते. टेकू दिला, एवढंच. शीतलनंच केलं. दुसरं कोण करणार?

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. गावात गेले तीन दिवस पोरीपेक्षा जास्त बोलणं सुतकाचं. भावकीत लक्ष्म्या बसवायच्या की नाही? कारभारी आप्पांनी निकाल दिला, 'लहान लेकराचं तीन दिसाचंच. बिलकुल बसवा.' बायकांचे जीव भांड्यात पडले. पुरणाची डाळ आणून ठेवलेली होती ना!

हापशावर आज सगळ्यांना वाचा फुटली होती. 'सावत्र ती सावत्रच.' 'मी तं दिवाळीपासून रडणं ऐकून राह्यले.' 'माझ्या पोरानं सांगितल्तं, तिचा हात सुजलाय.' एक म्हणाली, एकदा भर उन्हात पोर छपराखाली कोंडलेली पाहिली, पाणी देऊन पुढे गेले, प्लॉटवर जायला उशीर होत होता. प्रत्येकीजवळ काहीतरी होतं. आणि प्रत्येकीच्या मागून हेच – 'आपल्याला काय म्हाईत, एवढं होईल म्हून!' मग माझ्याकडे वळून, 'बाईंनी तरी सांगितल्तं बिचाऱ्या बापाला. एवढ्या गावात एक बाई बोलली.'

माझं कौतुक चाललं होतं! घागर अर्धी भरून तशीच आले.

१ सप्टेंबर, सोमवार

द्वारकाबाईंकडे महालक्ष्म्यांचं जेवण. कारभारी आप्पांची बायको, सोमेश्वरची चुलती. दरवर्षी जाते, आज पाय निघत नव्हता, पण न जाणं दिसलं असतं.

दोन्ही लक्ष्म्या शालू नेसून उभ्या, वर फुलोरा टांगलेला, आणि पुढ्यात त्यांची दोन पिल्लं, एक मुलगा, एक मुलगी. मागच्या वर्षी मुलीच्या पिल्लाला बांगड्या आकांक्षानं घातल्या होत्या. तीनदा घातल्या, तीनदा काढल्या, रंग पटत नव्हता. आज पिल्लाचे हात तसेच. द्वारकाबाई सगळ्यांना वाढत होत्या, पण देवीसमोर गेल्या की नजर वर करत नव्हत्या. आंबील वाढताना माझ्या ताटाबाहेर सांडली. मग माझं मनगट धरून आत चुलीपाशी नेलं.

'कौसल्याबाई, ती न्हवती.'

'कोण?'

'शीतल न्हवती मारत. तो मारत व्हता. आमची भिंत एकच. सोमवारी दिवस बुडायच्या टायमाला. शीतल वरडत व्हती, सोडा तिला, सोडा, म्हून. मंग तिलाबी बसला असंल, कारण ती गप झाली. त्याचा आवाज आल्ता सारखा – काय सांगितलं बाईला? बोल! काय सांगितलं बाईला?'

मी काय विचारलं आठवत नाही. बहुतेक, तुम्ही काय केलं?

'टीव्ही मोठा केला. हे घरातच व्हते. म्हणले, बाप हाय, मारंल बी आन् समजावंल बी. तू मधी पडू नको.' मग पदर तोंडात धरला. 'पहिल्यांदा थोडीच व्हतं ते. आवाज वाढवायची सवयच झाल्ती, माय.'

बाहेरून कुणीतरी पोळी मागितली. त्या डोळे पुसून वाढायला गेल्या.

शीतलच्या एका हातात बांगड्या नव्हत्या. मी पाहिलं होतं. पाहून अवकळा म्हटलं होतं. फुटल्या होत्या त्या. त्याच्या मुठीत फुटल्या होत्या!

२ सप्टेंबर, मंगळवार

काय सांगितलं बाईला.

ताटासमोर बसले तरी तेच, केस विंचरताना तेच. मी उभ्या उभ्या दोन मिनिटांत बोलले. पुढचं त्यानं केलं. पण ती मार कशासाठी खात होती ते तिलाही कळलं नसेल. तिनं तर काहीच सांगितलं नव्हतं!

३ सप्टेंबर, बुधवार

कारभारी आप्पा आले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात. द्वारकाबाईंचा चेहरा वाचला असणार.

'कौसल्याबाई, जे झालं ते झालं. पोरगी काय वापस येती का आता? सोमेश्वर आत गेला तर त्याचं घर बुडंल. ती बाहेरगावची पोर, तिचं काय, तिचे भाऊ बघतील.'

मी म्हटलं, 'तुम्ही त्या दिवशी घरातच होतात ना आप्पा?'

त्यांनी तो प्रश्न ऐकलाच नाही. 'तुम्ही सगळ्या गावासमोर हो म्हणल्या. सही केली. आता न्हाई म्हणल्या तं आधी लबाड कोण ठरंल? केस तुमच्यावर. नौकरी बराबर जाईल. दोन वर्षं ऱ्हायलीत तुमची, आन् खामखा कशाला?'

चहा ठेवला नाही मी. तेवढीच हिंमत झाली. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि स्वतःची लाज वाटली, कारण त्यांचं बोलणं मला पटत होतं.

हेही लिहिते – मला भीती शीतलच्या जन्मठेपेची कमी वाटते. हापशावरच्या बायकांची जास्त वाटते. 'एवढ्या गावात एक बाई बोलली' म्हणणाऱ्या बायकांची.

४ सप्टेंबर, गुरुवार

सोमेश्वर मंदिरात पखवाज वाजवत होता. वेशीपर्यंत ऐकू येत होता. हात किती सफाईनं पडतो त्याचा!  मग गल्लीतून दुसऱ्या वाटेनं आले.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती बुडाले. माझा टोपलीतलाच, न बसवलेला, तसाच नेऊन सोडला ओढ्यात. पाणी मातकट होतं. तिथून तिची जागा दिसते. वर दगड ठेवलेत, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. कुणीतरी लाल खडूचा तुकडा ठेवलाय दगडावर. मालनबाईच असणार. विचारलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

वजनाचा दिवस. अठ्ठावीस पोरं. मोबाइलवर यादी एकोणतिसाची. शेवटी एकच ओळ लाल राहिली – आकांक्षा सोमेश्वर, वजन बाकी. नाव काढायचं तर कारण विचारतो. यादीतून निवडायचं. जी कारणं दिली होती त्यातलं एकही खरं नव्हतं. मालनबाई म्हणाल्या, 'टाका ना काईबी.' नाही टाकलं.

काहीबाही टाकत आले मी आजवर. काटा बिघडला तर मागच्या महिन्याच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवून टाकले. डॉक्टर म्हणाले, सुपरवायझर म्हणाल्या, लेकरू म्हणालं – टाकलं. कुणी मेलं नाही म्हणून चालून गेलं.

अंगणवाडी सुटल्यावर थेट द्वारकाबाईंच्या प्लॉटवर गेले. त्या ओळीत उभ्या राहून सरकीची फुलं क्रॉसिंग करत होत्या. एक फूल दुसऱ्यावर घासायचं, दोरा बांधायचा, पुढे. मी सांगितलं, उद्या सकाळी नऊच्या गाडीनं तालुक्याला जाते. फौजदार मॅडमना सांगणार, पोरगी काही बोलली नव्हती, ते मी रचलं. मग जे व्हायचं ते होवो. पण मारणारा कोण हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं नाही. ते तुम्ही ऐकलंय.

त्यांनी दोरा बांधणं थांबवलं नाही. 'मला त्याच घरात ऱ्हायचंय, कौसल्याबाई.'

'मलाही याच गावात राहायचंय.'

पुढच्या फुलाकडे गेल्या. मी परत आले. नोकरीची कागदपत्रं एका पिशवीत काढून ठेवलीत. एकटीच जाणार बहुतेक. पण आज बरं वाटतंय. खरं सांगायचं ठरवलं की माणूस किती सुटतो! उद्या शीतलच्या डोळ्यात बघता येईल. आकांक्षाच्याही, असं वाटतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

फाट्यावर द्वारकाबाई आधीच येऊन उभ्या होत्या. हातात चपला, पाय चिखलानं भरलेले. रस्त्यानं न येता शेतातून आल्या होत्या. गाडीत शेजारी बसल्या. राजूर मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, 'एक ऱ्हायलं सांगायचं. तो काय सांगितलं, काय सांगितलं म्हून मारत व्हता ना, तवा लेकरू बोलत व्हतं. दर टायमाला एकच. मी न्हाई सांगितलं पप्पा. बाईला इचारा. बाईला इचारा.'

त्यानं विचारलं नाही. विचारायला आला असता, तर त्या संध्याकाळी मी खरं बोलले असते का, ते मला माहीत नाही.

फौजदार मॅडमनी आज विचारलं. सांगितलं.